ओट्यावरची एस्प्रेसो

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं : १५ बार. दहा हजारांच्या यंत्रावर तेच, पंचवीस हजारांच्या यंत्रावर तेच, आणि काहींवर तर २०. दुकानात त्याच आकड्यावर बोट ठेवून सांगतात, "कॅफेतल्या मशीनला नऊच असतात, हे बघा." त्यातली कॅफेची गोष्ट खरी आहे. एस्प्रेसो उतरताना कॉफीच्या थरावर लागतो तो दाब ९ बारच्या आसपासच असतो. घरच्या कुकरची शिट्टी उचलली जाते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त असतो; त्यावरून ९ बार म्हणजे काय याचा अंदाज येईल. खोक्यावरचे १५ मात्र पंपाचे आहेत. पाण्याची वाट पूर्ण बंद केली तर हा पंप जास्तीत जास्त किती जोर लावेल, एवढंच तो आकडा सांगतो. कपात काय उतरेल, हे त्यावरून कळत नाही.

२०२०च्या टाळेबंदीनंतर अनेक मराठी घरांच्या ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, असं एक यंत्र येऊन बसलं आहे. काही घरांत ते रोज सकाळी चालतं, काही घरांत वर्षभरात माळ्यावर जातं. ही यंत्रं वापरणाऱ्यांशी, त्यांना कॉफी विकणाऱ्यांशी आणि यंत्रं उघडून दुरुस्त करणाऱ्यांशी बोलताना माझा प्रश्न एकच होता : लाखाचं यंत्र न घेता घरी खरी एस्प्रेसो आणि खरी कॅपुचिनो होते का? होते. पण यंत्र स्वस्त करताना कारखान्याने नेमकं काय कमी केलं आहे ते ठाऊक हवं, कारण तेवढी उणीव आपल्याला हाताने आणि समजुतीने भरून काढायची असते.

इतिहासात थोडं मागे गेलं की ही उणीव नीट दिसते. तुरीनच्या अँजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने प्रत्येक कपासाठी वेगळी, ताजी कॉफी काढणारं यंत्र रचलं आणि देसिदेरिओ पावोनीने ते बाजारात आणलं. पितळेची, उंच, घुमटाकार अशी ती यंत्रं दिसायला फार देखणी होती, पण त्यांत पाणी ढकलायला होती फक्त बॉयलरमधली वाफ. तिचा दाब दीड-दोन बारच्या पलीकडे नेणं धोक्याचं, आणि दाब वाढवायचा तर तापमानही वाढणार. म्हणून ती कॉफी कडवट, जळकी लागे. दाब आणि उष्णता यांची ही गाठ सोडवली मिलानमधल्याच आकिले गाजिया या कॉफीबार चालवणाऱ्या माणसाने. १९३८मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं आणि युद्धानंतर दांडा व स्प्रिंग असलेली रचना आणली. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते, सोडली की तीच स्प्रिंग पाण्याला कॉफीतून ढकलते, दाब आठ-नऊ बारपर्यंत जातो, आणि त्यासाठी पाणी उकळतं असण्याची गरज उरत नाही. कपात पहिल्यांदाच वर तांबूस-सोनेरी फेसाचा थर आला. क्रेमा म्हणतात तो हाच. पुढे १९६१मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप आणला, आणि आजच्या बहुतेक कॅफेयंत्रांचा पाया तिथे घातला गेला.

घरगुती यंत्राला हे सगळं वीतभर रुंदीत आणि मर्यादित पैशांत बसवायचं असतं. त्यातला पंप ही मला सगळ्यांत कौतुकाची वस्तू वाटते. विजेच्या वेटोळ्यात एक छोटा दट्ट्या असतो आणि तो मेन्सच्या प्रवाहाबरोबर मागेपुढे होतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून सेकंदाला ५० वेळा. यंत्र चालू केल्यावर येणारी ती घरघर त्याचीच. हा कंपनपंप स्वस्त असतो, लहान असतो, आणि ९ बार त्याला जड नसतात. दाबाच्या बाबतीत स्वस्त यंत्र कमी पडत नाही, उलट जास्तच होतं. चांगल्या यंत्रात जादा दाब परत टाकीत सोडणारी एक झडप असते. नाशिकमध्ये एका निवृत्त अभियंत्यांनी मला त्यांच्या यंत्राला जोडलेला दाबमापक दाखवला. कारखान्यातून आलं तेव्हा काटा १२च्या पुढे जात होता. झडपेचा स्क्रू थोडा थोडा सैल करत त्यांनी तो ९वर आणून ठेवला. "पंप चांगलाच होता," ते म्हणाले, "फक्त त्याला आवरायला कुणी नव्हतं."

पैसे खरोखर वाचवलेले असतात ते दोन ठिकाणी. पहिली जागा आहे कॉफी भरायची जाळी. बहुतेक स्वस्त यंत्रांबरोबर दुहेरी तळाची बास्केट येते. वरचा तळ जाळीदार, पण खालच्या तळाला एकच बारीक छिद्र. कॉफी कशीही दळलेली असो, जाड असो वा शिळी, त्या छिद्रामुळे दाब तयार होतो आणि पाणी बारीक धारेतून जोराने बाहेर पडताना हवेसकट घुसळलं जातं. वर फेस दिसतो, पण तो छिद्राचा फेस असतो. दोन मिनिटं कप तसाच ठेवला की मोठे मोठे बुडबुडे फुटून तो विरतो, आणि खालची कॉफी पातळ, सपक लागते. तयार पूड वापरणाऱ्याची सोय म्हणून ही बास्केट ठीक आहे. पण यंत्र घेतलं आणि "कॅफेसारखी चव काही येत नाही" अशी तक्रार ज्या ज्या घरात ऐकली, तिथे बहुतेकदा हीच बास्केट निघाली. एकेरी तळाची, सगळीकडून सारखी छिद्रं असलेली बास्केट वेगळी विकत मिळते, काहीशे रुपयांत. दिलोंगीच्या डेडिकासारख्या लोकप्रिय यंत्राच्या बास्केटचा व्यास ५१ मिलीमीटर आहे आणि गाजिया क्लासिकचा कॅफेयंत्रांइतकाच ५८. त्या मापाची घेतली की झालं.

मात्र एकेरी बास्केट लावली की दाब तयार करण्याची सगळी जबाबदारी दळणावर येते. पाण्याला अडवायला आता छिद्र नाही, कॉफीचा थरच आहे. इथे माझं मत ठाम आहे : हाती चाळीस हजार असतील तर यंत्रावर पंचवीस आणि ग्राइंडरवर पंधरा खर्च करावेत, यंत्रावर चाळीस नव्हे. मिक्सरच्या पात्यांनी बिया दळल्या जात नाहीत, फुटतात. त्यात पीठही असतं आणि कण्याही. पाणी कण्यांमधून वाट काढून निसटतं आणि पिठात अडकून राहतं, त्यामुळे एकाच कपात आंबटपणा आणि कडूपणा दोन्ही उतरतात. दोन दातेरी चकत्यांमधून किंवा शंकूमधून बी चिरडत नेणारा, म्हणजे बर असलेला ग्राइंडरच हवा, आणि त्याचे टप्पे इतके बारीक हवेत की एक खाच फिरवल्यावर शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, चार-पाच सेकंदांनी पुढेमागे व्हावा. बजेट कमी असेल तर हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्यावा. त्याच पैशांत मिळणाऱ्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा त्याचं दळण बहुधा अधिक सारखं असतं. १८ ग्रॅमला मिनिटभर हात चालवावा लागतो, इतकंच.

मापं तशी सोपी आहेत. आज बहुतेक लोक १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत काढतात. इटलीतल्या एस्प्रेसो संस्थेचा जुना दंडक एका छोट्या कपासाठी ७ ग्रॅम कॉफी, २५ मिलिलीटर पेय आणि २५ सेकंद असा आहे. शॉट १५ सेकंदांत वाहून गेला तर दळण बारीक करा, ४५ लागले तर जाड. यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा लागतो. डोळ्यांच्या अंदाजाने हे जमत नाही. बास्केटमध्ये पूड सपाट पसरून, गाठी मोडून, टॅम्परने सरळ दाबायची. तिरकी दाबली गेली तर पाणी एका बाजूने घुसतं आणि उघड्या पोर्टाफिल्टरखाली, म्हणजे बास्केट धरणाऱ्या दांड्याखाली, बारीक कारंजी उडतात. टॅम्पिंगला किती जोर लावायचा यावर लोक फार बोलतात. त्यापेक्षा पूड सपाट आहे ना, हे पाहावं.

दुसरी काटकसर तापमानात. पाणी ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान हवं, आणि पूर्ण अर्धा मिनिट तसंच राहायला हवं. कॅफेयंत्रात किलोकिलोंचं पितळ तापलेलं असतं, ते सहजी थंड होत नाही. घरच्या यंत्रात एक तर थर्मोब्लॉक असतो, म्हणजे आतून नागमोडी नळी गेलेला धातूचा ठोकळा, जो जाता जाता पाणी तापवतो. नाहीतर छोटा बॉयलर. गाजिया क्लासिक हे १९९१पासून चालत आलेलं यंत्र. कॅफेच्या मापाचा पोर्टाफिल्टर आणि शॉटनंतर दाब सोडून देणारी त्रिमार्गी झडप असूनही त्याचा पारंपरिक बॉयलर जेमतेम १०० मिलिलीटरचा. दिवा लागला म्हणजे पाणी तयार, हा समज म्हणूनच अपुरा आहे. थर्मोब्लॉक मिनिटाभरात तापतो, पण पोर्टाफिल्टर गारच असतो आणि तो पाण्याची उष्णता ओढून घेतो. उपाय फुकटचा आहे : कॉफी न भरता पोर्टाफिल्टर लावून एक-दोनदा गरम पाणी सोडा, त्याच पाण्याने कप तापवा, मग कॉफी भरा. बॉयलरच्या यंत्राला पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करून ठेवा. नाशिकच्या त्याच अभियंत्यांनी बॉयलरला तापमाननियंत्रक बसवला आहे. दर कपात तीच चव यायला लागल्यावर दळणातला फरक त्यांना पहिल्यांदा जिभेवर कळू लागला, असं ते सांगत होते.

आता दुधाकडे येऊ, कारण आपल्याकडे खरी मागणी कॅपुचिनोचीच असते. मराठी घरातली कॉफी दुधातलीच. जायफळ किंवा वेलची घातलेली, पाहुण्यांसाठी नाहीतर जागरणासाठी केलेली. वाफेने फेसाळलेल्या कॉफीशी अनेकांची पहिली ओळख झाली ती लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, जिथे स्टीलच्या यंत्राच्या नळीतून फुसफुसणारी वाफ दुधात सोडली जाई आणि वर चॉकलेट पावडर भुरभुरली जाई. त्या कपात इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध असायचं, एस्प्रेसो नसायची. पण त्या यंत्राकडे वाफ भरपूर होती, आणि घरच्या छोट्या यंत्राकडे नेमकी तीच कमी असते.

दुधाचा फेस टिकतो तो प्रथिनांमुळे. वाफेबरोबर आत गेलेल्या हवेच्या बुडबुड्यांभोवती दुधातली प्रथिनं पातळ आवरण धरतात. दूध फ्रिजमधलं, अगदी गार हवं, म्हणजे तापेपर्यंत हातात वेळ राहतो. सुरुवातीला नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाशी ठेवून कागद फाटल्यासारखा आवाज येईल इतकीच हवा घ्यायची. भांडं कोमट लागलं की टोक आत बुडवून दूध गरगर फिरवायचं. ६० ते ६५ अंशांना थांबायचं. ७०च्या पुढे दुधाचा नैसर्गिक गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. स्वस्त यंत्राच्या नळीवर बहुधा एक जाड प्लॅस्टिकचं वा स्टीलचं आवरण असतं, जे बाजूच्या छिद्रातून आपोआप हवा ओढतं. त्याने फेस भरपूर होतो, पण भरड होतो, साबणाच्या पाण्यासारखा. बऱ्याच यंत्रांत ते आवरण काढता येतं. त्यानंतर वेळ जास्त लागतो, हात बसायला दिवस लागतात, पण मखमली दूध त्याशिवाय होत नाही.

ठाण्यात एका घरी मी हे बघत उभा होतो. सूनबाईंनी फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली तशा सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, ती तापवायची राहिलीय." "राहू द्या आई, ती कॉफीची आहे." आई दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "कच्चं दूध पितात हो ही मुलं." पिशवीतलं दूध डेअरीत पाश्चराइझ झालेलं असतं, त्यामुळे ते थेट वापरायला हरकत नाही. उलट घरी उकळून साय काढलेल्या दुधातली काही प्रथिनं उष्णतेने आधीच बदललेली असतात, साईबरोबर स्निग्धांशही गेलेला असतो, आणि फेस हवा तसा बसत नाही. (गवळ्याकडचं सुटं दूध असेल तर गोष्ट वेगळी, ते उकळलंच पाहिजे.) साडेतीन टक्के स्निग्धांशाचं गायीचं दूध मला सर्वांत चांगलं वाटतं. ६ टक्क्यांचं फुल क्रीम, ज्यात बहुधा म्हशीचं दूध असतं, चवीला भरदार लागतं पण एस्प्रेसोला झाकून टाकतं. दीड टक्क्याच्या डबल टोन्डचा फेस उंच होतो आणि जिभेवर कोरडा लागतो. सासूबाईंनी शेवटी कप हातात घेतला, साखर मागितली नाही, आणि "जायफळ चालेल का यात?" असं विचारलं. चालतं. किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ कॅपुचिनोच्या फेसावर फार छान लागतं.

एक मर्यादा मात्र आधीच सांगायला हवी. या यंत्रांत कॉफीसाठी आणि वाफेसाठी एकच तापवणी असते. आधी शॉट काढायचा, मग यंत्र वाफेच्या तापमानाला जाईपर्यंत थांबायचं, दूध फेसाळायचं, आणि पुढच्या कपाआधी पाणी सोडून ते पुन्हा खाली आणायचं. दोघांसाठी हे आनंदाचं आहे. सहा पाहुणे आले तर पहिल्याचा कप गार होतो तरी शेवटच्याला मिळालेला नसतो. अशा दिवशी मी दक्षिणी फिल्टरचा डिकॉक्शन किंवा मोका पॉट सुचवेन. १९३३पासून इटलीच्या घराघरांत असलेलं बियालेत्तीचं ते अष्टकोनी भांडं दीडएक बार दाबावर चालतं. त्यातून एस्प्रेसो येत नाही, पण दुधाला पुरून उरेल अशी कडक कॉफी नक्की येते.

अमेरिकेतून परतणारे बरेचजण तिथलं यंत्र बॅगेत घालून आणतात. ते १२० व्होल्टचं असतं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येतं, पण १३००-१४०० वॉटसाठी तो चांगलाच वजनदार लागतो. शिवाय ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्‌झसाठी केलेला पंप इथे ५०वर चालतो आणि पाण्याचा ओघ कमी होतो. माझा सल्ला : यंत्र इथलंच घ्या, तिथून हवंच असेल तर हातग्राइंडर आणा. इथल्या यंत्रासाठीही ओट्यावरचा प्लग पाहून घ्या. ६ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटची मर्यादा सुमारे १३८० वॉट आहे, म्हणजे काठावरच. १६ ॲम्पिअरचा पॉवर पॉइंट हवा.

पाण्याचं दुखणं गावागणिक वेगळं. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी पुष्कळसं मृदू आहे. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत, मराठवाड्यात तर सर्रास, ते जड असतं, आणि थर्मोब्लॉकच्या अरुंद नळीत क्षारांचा थर बसत जातो. आधी पाणी कमी गरम होतं, मग धार बारीक होते, शेवटी पंप नुसताच घरघरतो. लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्त्व, विरघळवून यंत्रातून सोडलं आणि मग दोन-तीन टाक्या साध्या पाण्याने धुतलं की काम होतं. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आम्ल फार वेळ आत ठेवू नये. पुण्यात एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर अशी यंत्रं रांगेने मांडलेली होती. "बंद पडलेल्यांत निम्मी तर नुसती तुंबलेली असतात," ते म्हणाले. बाकीच्यांत रबरी गॅस्केट कडक झालेलं, किंवा पंप गेलेला. दोन्ही सुटे मिळतात आणि स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात. यंत्र घेण्याआधी ते स्क्रूंनी जोडलेलं आहे की चिकटवून बंद केलेलं, हे जरूर पाहावं.

हिशेबही मांडू. ताज्या भाजलेल्या चांगल्या बियांची २५० ग्रॅमची पिशवी ५५० रुपयांना धरली तर १८ ग्रॅम पडतात जवळपास ४० रुपयांना, दूध सात-आठ रुपयांचं. पन्नासच्या आत कॅपुचिनो. कॅफेत तिला दोन-अडीचशे पडतात, तेव्हा चाळीस हजारांची जोडी दोनशे ते पावणेतीनशे कपांत वसूल होते. पण हे गणित रोज कॅफेत जाणाऱ्याचं आहे. घरी चहा पिणाऱ्या माणसाने बचतीसाठी यंत्र घेऊ नये.

आणि बिया. इथे आपण इटलीतल्या माणसापेक्षा सुदैवी आहोत, असं मला मनापासून वाटतं. भारताची बरीचशी कॉफी निर्यात होते आणि तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक इटलीच आहे. आपल्या उत्पादनात सुमारे सत्तर टक्के रोबस्टा असते. सावलीत वाढलेली, धुऊन सोललेली कोडगू-वायनाडची रोबस्टा इटालियन मिश्रणांत दाट क्रेमासाठी घातली जाते. मान्सून्ड मलबार या कॉफीची कथा तर आणखी जुनी. शिडाच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपात जाताना बिया दमट हवेने फुगत, पिवळट होत, त्यांचा आंबटपणा मरे. १८६९मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आखूड झाला, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना ती जुनी चव आठवू लागली. म्हणून आजही मंगळूरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर उघड्या गोदामांत बिया पसरून त्यांना पावसाळी वारं दिलं जातं. तीच हवा मुंबईच्या स्वयंपाकघरात मात्र दळणाचा बेत बिघडवते. जुलैत बरणी घट्ट बंद हवी आणि ग्राइंडरची खाच नव्याने शोधायला हवी.

माटुंग्यात फिल्टर कॉफी दळून देणाऱ्या दुकानांतून बिया घ्यायच्या तर चिकोरी न घातलेल्या, अख्ख्या मागाव्यात. पाकिटावर "कधीपर्यंत वापरा" यापेक्षा "कधी भाजली" ही तारीख शोधावी. भाजल्यावर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. आठवडा-दहा दिवस थांबून मग महिनाभरात संपवली तर क्रेमा खरा येतो. पुण्यातल्या एका रोस्टरने, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याने, मला हेही सांगितलं की घरच्या छोट्या यंत्रासाठी तो फार हलकी भाजलेली अरेबिका देतच नाही. "ती फुलवायला तापमान स्थिर लागतं. मध्यम भाजलेली घ्या, वीस टक्के रोबस्टा घाला, यंत्राची चूक कॉफी पोटात घेते." चिखलदऱ्याच्या आसपास थोडी कॉफी महाराष्ट्रातही पिकते, मिळाली तर तीही याच पद्धतीने मध्यम भाजून करून पाहावी.

पावसाळा सरला की चिकमगळूर आणि कोडगूच्या उतारांवर अरेबिकाची फळं लाल व्हायला लागतात. नोव्हेंबरपासून ती तोडली जातात, डिसेंबरनंतर रोबस्टा. मग धुणं, वाळवणं, टरफल काढणं. उन्हाळ्याच्या तोंडाशी नव्या हंगामाची पाकिटं रोस्टरांकडे दिसू लागतात. त्यातल्या बिया जुन्या बियांसारख्या वागत नाहीत. पहिले दोन-तीन शॉट ग्राइंडर जुळवण्यात जातात, तेव्हा पिशवी २५० ग्रॅमचीच न घेता अर्ध्या किलोची घ्यावी.